नव्या महानगरात कमी खर्चात कुटुंबासह फिरायला सुरुवात कशी करावी

मोठ्या शहरात राहायला आलं की पहिल्याच सुट्टीला यादी तयार होते. सगळ्यात नावाजलेली ठिकाणं, शहराच्या चार टोकांना, आणि सगळी एकाच दिवसात उरकायची. संध्याकाळपर्यंत मुलं रडकुंडीला येतात, मोठे वैतागतात, पाकीट हलकं होतं आणि लक्षात राहते ती गर्दी. मग पुढचे कित्येक रविवार घरातच जातात आणि ‘इथे पैसे मोजल्याशिवाय काही करताच येत नाही’ असं मत पक्कं होऊन बसतं.

असं मत झालेल्या प्रत्येक कुटुंबाला मला कळकळीने सांगावंसं वाटतं की महानगराइतक्या फुकट आणि स्वस्त गोष्टी दुसरीकडे क्वचितच मिळतात. बागा, वाचनालयं, संग्रहालयं, नदीकाठ, विद्यापीठांची आवारं यांतलं बरंच काही लोकांच्या करांवर चालतं. काल राहायला आलेल्या कुटुंबाचाही त्यावर तितकाच हक्क असतो. फक्त सुरुवात लांबून न करता जवळून करायची, थोडाच वेळ जायचं आणि आवडलं तर त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं.

पायरी १ : पैसे नेमके कुठे जातात ते आधी पाहा

एका सहलीच्या खर्चाचे चार भाग पडतात: प्रवास, तिकीट, बाहेरचं खाणंपिणं आणि निघताना दारातल्या दुकानात झालेली खरेदी. आपण घासाघीस करतो ती तिकिटावर, पण बजेट कोलमडतं ते उरलेल्या तिघांमुळे. आणि त्या तिघांच्या मुळाशी असतो थकवा. दमलेलं कुटुंब बस सोडून टॅक्सी पकडतं, समोर दिसेल तिथे जेवतं आणि मुलाची किरकिर थांबावी म्हणून खेळणं घेतं. म्हणून दमायच्या आधी परत निघणं हीच सगळ्यात मोठी बचत आहे. सहा वर्षांखालचं मूल सोबत असेल तर ठिकाणावर दोन तास पुष्कळ झाले. मोठ्यांना अजून थांबावंसं वाटत असतानाच निघा.

पैशांचा हिशेब प्रत्येक सहलीचा न करता महिन्याचा करा. महिन्यातून एकदा तिकीट काढून जायचं, बाकीच्या वेळी फुकटात, असं ठरवलं की तिकिटाच्या जागेची निवडही विचारपूर्वक होते.

वार्षिक सदस्यत्व घ्यावं का, हा प्रश्न प्राणिसंग्रहालय किंवा विज्ञान केंद्राच्या तिकीट खिडकीशी हमखास येतो. उत्तर साध्या भागाकारात आहे. सदस्यत्वाच्या रकमेला घरातल्या सगळ्यांच्या एका दिवसाच्या तिकिटाने भागा. जो आकडा येईल त्याहून जास्त वेळा वर्षभरात खरंच जाणार असाल तरच ते घ्या. ठिकाण घरापासून दीड तासावर असेल तर उत्तर बहुधा ‘नको’ असंच येतं. पण जवळ असेल तर सदस्यत्वाचा आणखी एक फायदा होतो: पैसे आधीच भरलेले असल्यामुळे पाऊण तासात परत निघालं तरी मन खात नाही.

पायरी २ : अर्ध्या तासाचं वर्तुळ आखा

मोबाइलवर नकाशा उघडा आणि घराच्या दारापासून अर्ध्या तासात पोचता येईल असा परिसर ठरवा. हा अर्धा तास चालणं, बसची वाट पाहणं आणि गाडी बदलणं धरून मोजायचा. पहिले दोन-तीन महिने या वर्तुळाबाहेर जायचंच नाही, असं ठरवलंत तरी काही बिघडत नाही.

नकाशा उपग्रहचित्राच्या रूपात पाहिलात की नाव नसलेले हिरवे तुकडेही दिसतात: कालव्याकाठची पायवाट, टेकडीचा उतार, जुन्या स्मशानभूमीतली झाडी, शाळेमागचं मैदान. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक भरत आले आहेत. पिण्याच्या पाण्याचे नळ, बाकं, स्वच्छतागृहं आणि खेळाची मैदानं अशा बारीकसारीक नोंदी त्यात पुष्कळ ठिकाणी सापडतात. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असताना याच नोंदी कामाला येतात.

मग माणसांना विचारा. रोज कुत्रा फिरवणाऱ्यांना परिसरातली प्रत्येक हिरवी जागा ठाऊक असते. शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट पाहणाऱ्या पालकांना कुठली घसरगुंडी मोडली आहे आणि कुठल्या मैदानावर दुपारीही सावली असते ते सांगता येतं. नव्या शहरात ओळखी व्हायला असा साधा प्रश्न पुरतो, आणि त्यासाठी भाषाही फार यावी लागत नाही.

शहरी वृक्षांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेनडाइक यांनी २०२१ मध्ये एक सोपा निकष मांडला: प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के तरी झाडांचं छत्र असावं आणि सर्वांत जवळची बाग ३०० मीटरच्या आत असावी. तुमची वस्ती यात कुठे बसते हे मुलांसोबत तपासणं हीच पहिली सहल होऊ शकते. खिडकीतून झाडं मोजा, बागेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा.

पायरी ३ : बस-ट्रेन हीच सहल समजा

सार्वजनिक वाहतुकीच्या चौकशी खिडकीवर एकदा जाऊन नीट माहिती काढा. दिवसभराचा पास आहे का? कुटुंबाचा एकत्रित पास आहे का? मुलांना कुठल्या वयापर्यंत तिकीट लागत नाही? (काही शहरांत वयाऐवजी उंची पाहतात.) गर्दीची वेळ टाळली किंवा सुट्टीचा दिवस असला तर भाडं कमी होतं का? एवढ्या चार उत्तरांवर वर्षभराचा मोठा खर्च वाचतो.

लहान मुलांना कुठे पोचायचं याची घाई नसते. एखाद्या मार्गाच्या पहिल्या थांब्यावर चढा, खिडकीची जागा मिळवा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा, तिथे थोडं फिरा आणि परत या. शहर कसं बदलत जातं ते अशा एका फेरीत डोळ्यांना दिसतं. जमिनीवरून धावणारा मार्ग निवडा, भुयारातून काय दिसणार!

शहरात नदी, खाडी किंवा बंदर असेल तर पर्यटकांची बोट घेण्याआधी कामावर जाणाऱ्यांची फेरीबोट शोधा. पाणी तेच, किनारा तोच आणि भाडं बऱ्याचदा फारच कमी. ती शक्यतो दुपारच्या निवांत वेळी घ्या.

गाड्या, विमानं, क्रेन यांचं वेड असलेल्या मुलासाठी रेल्वेवरचा पादचारी पूल, धावपट्टी दिसणारी मोकळी जागा किंवा कुंपणापलीकडे चाललेलं बांधकाम यांना तोड नाही. एकाच पुलावर मुलाचा तास आनंदात जात असेल तर त्याला तिथून ओढून ‘बघण्यासारख्या’ जागी नेऊ नका.

पायरी ४ : वाचनालयाचं कार्ड काढा

नव्या शहरात मी कुणालाही पहिल्यांदा हेच करायला सांगेन. पत्त्याचा पुरावा चालतो की आणखी कागद लागतात ते विचारून पहिल्याच आठवड्यात नोंदणी करा. मुलांची वेगळी नोंदणी होत असेल तर ती जरूर करा. स्वतःच्या नावाचं कार्ड हातात आलं की मुलाचं त्या जागेशी नातं जुळतं.

कार्डामागे बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. गोष्टी सांगण्याचे तास, चित्रकलेची दुपार, नवी भाषा शिकणाऱ्यांचे मोफत वर्ग, पाऊस किंवा कडक ऊन असताना बसायला जागा. काही शहरांतली वाचनालयं खेळणी, बुद्धिबळाचे पट, दुर्बिणी आणि चक्क संग्रहालयांचे पाससुद्धा उसने देतात. हे फलकावर लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून टेबलावरच्या माणसाला थेट विचारा: ‘पुस्तकांशिवाय आणखी काय नेता येतं?’ आणि दारातला सूचनाफलक वाचायची सवय ठेवा. मोठ्या जाहिरातींत न येणारे शेजारपाजारचे कार्यक्रम तिथेच लागतात.

पायरी ५ : संग्रहालयात कमी पाहा

सार्वजनिक संग्रहालयांपैकी बरीच आठवड्यातल्या किंवा महिन्यातल्या ठरावीक वेळी मोफत असतात, काही बंद होण्याआधीचा शेवटचा तास-दीड तास. मुलांना घेऊन जाण्यासाठी तो शेवटचा तास उत्तम असतो, कारण त्याहून जास्त वेळ ती तशीही टिकत नाहीत. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो. त्या सुमारास अनेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो किंवा खास कार्यक्रम असतात. १८ एप्रिलच्या वारसा दिनाला जुन्या वास्तूंबाबतही पुष्कळ ठिकाणी असंच होतं. जाण्याआधी त्या संस्थेचं पान पाहून घ्या, कारण मोफत दिवशीही काही ठिकाणी वेळ आधी राखून ठेवावी लागते.

आत गेल्यावर सगळी दालनं पालथी घालू नका. एक दालन निवडा आणि त्यातल्या तीन वस्तूंपुढे मनसोक्त थांबा. मुलाला वही-पेन्सिल देऊन एकच वस्तू काढायला सांगा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. मातीच्या भांड्याचा कान नेमका कुठे जोडलाय, मूर्तीचा कुठला हात तुटलाय, हे काढता काढता दिसायला लागतं. मोठ्यांनाही हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. पेन मात्र घरी ठेवा. पुष्कळ संग्रहालयं आत पेन्सिलच चालवून घेतात.

कार्यक्रमांच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असावी: संगीत आणि नाट्यशाळांतल्या विद्यार्थ्यांचे प्रयोग, रंगीत तालमी आणि विद्यापीठांतली सार्वजनिक व्याख्यानं मोफत किंवा नाममात्र दरात असतात. तिथला दर्जा पाहून थक्क व्हायला होतं.

पायरी ६ : बागेत काहीतरी काम घेऊन जा

नुसतं ‘बागेत जाऊ’ म्हटलं की आठ वर्षांवरची मुलं कंटाळतात. हातात काम असलं की तीच मुलं निघायला तयार होत नाहीत.

एक काम असं: झाडाची उंची मोजणं. मुलाला हात सरळ पुढे करून मुठीत काठी उभी धरायला सांगा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर यायला हवी. ती काठी आधी डोळ्याकडे आडवी करून पाहिली की माप जमतं. आता एक डोळा मिटून झाडापासून मागे मागे सरकायचं. काठीचं टोक झाडाच्या शेंड्याशी आणि मूठ बुंध्याच्या तळाशी जुळली की थांबायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. जमीन सपाट असेल तर हे माप बऱ्यापैकी बरोबर येतं, कारण काठीचा छोटा त्रिकोण आणि झाडाचा मोठा त्रिकोण समरूप असतात. शाळेत हा धडा कोरडा वाटलेल्या मुलाला इथे तो पावलांनी मोजता येतो. मग कुठलं झाड सगळ्यात उंच यावरून पैजा लागतात.

दुसरं काम पक्ष्यांचं. तळ्याकाठी किंवा मोठ्या झाडाखाली पंधरा मिनिटं बसायचं आणि दिसतील तेवढे पक्षी नोंदवायचे. नाव माहीत नसेल तर चोच, रंग आणि चाल लिहायची. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत ॲप आवाजावरून पक्षी ओळखायला मदत करतं. कधीकधी ते चुकतं, म्हणून पक्षी डोळ्यांनी दिसल्यावरच नाव लिहायचं असा नियम ठेवा. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असते. १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेली ही गणना आता जगभर होते आणि तिच्यात अशा पंधरा मिनिटांच्या नोंदीच लागतात. आपली नोंद शास्त्रज्ञ वापरणार आहेत हे कळलं की मुलांच्या चेहऱ्यावर जबाबदारी दिसते.

बागेची वेळ मात्र सांभाळा. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. मधल्या वेळात ऊन तर असतंच, शिवाय अतिनील किरणही सगळ्यात तीव्र असतात आणि खेळणी हात भाजण्याइतकी तापतात. आधी आपल्या तळहाताने घसरगुंडी तपासल्याशिवाय मुलाला वर चढू देऊ नका.

पायरी ७ : रस्त्यावरचे दगड वाचा

पावसाळी किंवा अगदीच वेळ नसलेल्या दिवसासाठी ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. महानगरातल्या बँका, स्थानकं, जुनी कार्यालयं देशोदेशीच्या दगडांनी मढवलेली असतात. एखाद्या चकचकीत ग्रॅनाइटच्या खांबाला नाक लावण्याइतकं जवळ जा. काचेसारखे राखाडी कण दिसतात ते क्वार्ट्‌झ, गुलाबी किंवा पांढरे चौकोनी ठोकळे फेल्डस्पार, आणि डोकं हलवलं की चमकून जाणारे काळे पापुद्रे अभ्रकाचे. कण डोळ्यांना दिसण्याइतके मोठे आहेत, याचा अर्थ हा दगड जमिनीखाली खोलवर, फार सावकाश थंड झाला.

मग घासलेल्या चुनखडकाची फरशी शोधा आणि वळणावळणाचे शंख, गोल चकत्या, लांबट नळ्या दिसतात का पाहा. कधीकाळी समुद्राच्या तळाशी राहिलेल्या जीवांचे ते जीवाश्म असू शकतात आणि त्यांच्यावरून रोज शेकडो माणसं चालत असतात. ओल्या कपड्याने फरशी पुसली की ते जास्त स्पष्ट दिसतात. पहिला शंख सापडल्यावर मुलं मान वर करायचंच विसरतात, म्हणून वर्दळीच्या जागी त्यांचा हात धरून ठेवा.

पायरी ८ : संध्याकाळी वर पाहा

शहराच्या उजेडात तारे थोडेच दिसतात, पण चंद्र आणि ग्रहांना तो उजेड अडवत नाही. साधी १० बाय ५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण असेल (विकत घेऊ नका, आधी उसनी मिळते का पाहा) तर चंद्रावरची विवरं दिसतात. त्यासाठी पौर्णिमा नको. शुक्ल अष्टमीच्या आसपास, अर्धा चंद्र असताना उजेड आणि अंधाराच्या सीमेवर पाहा. तिथे सावल्या लांब पडतात आणि विवरांच्या कडा उठून दिसतात. हीच दुर्बीण भिंतीला टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चार मोठे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसू शकतात. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले होते.

दुर्बीण नसेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पाहा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी न लुकलुकणारा ठळक ठिपका होऊन ते काही मिनिटांत आकाश ओलांडतं. तुमच्या शहरावरून कधी जाणार ती वेळ नासा मोफत कळवते. गच्ची किंवा मोकळं मैदान एवढंच लागतं.

पायरी ९ : वर्षाच्या कॅलेंडरवर खुणा करा

काही उपक्रम जगातल्या अनेक शहरांत चालतात आणि मोफत असतात. तुमच्या शहरात आहेत का ते एकदाच शोधून तारखा टिपून ठेवा. एरवी बंद असलेल्या इमारती काही दिवस लोकांसाठी उघडणारा ‘ओपन हाउस’ १९९२ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. शहरविचारक जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ टोरांटोत २००७ पासून निघणाऱ्या ‘जेन्स वॉक’ या फेऱ्या मे महिन्याच्या सुरुवातीला असतात. त्यात रहिवासीच आपापल्या वस्तीची ओळख करून देतात, त्यामुळे नवख्या माणसासाठी याहून चांगली ओळख शोधून सापडणार नाही. ‘पार्करन’ची सुरुवात २००४ ची: बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, धावा किंवा चाला, पैसे पडत नाहीत. एप्रिलअखेरीच्या ‘सिटी नेचर चॅलेंज’मध्ये शहरातली झाडं, किडे, पक्षी यांचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या मोफत ॲपवर टाकायचे असतात.

पायरी १० : पिशवी आणि नियम

एक पिशवी कायम भरून दाराशी ठेवा: पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, आदल्या दिवशीच ठरवलेला कोरडा डबा, सतरंजी, ओला रुमाल, मुलाचे जादा कपडे, वही-पेन्सिल, मलमपट्टी. पिशवी तयार असली की घरातून निघायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो, आणि आयत्या वेळी बेत रद्द होण्याचं मुख्य कारणच निघून जातं.

मूल हरवण्याची भीती अनोळखी शहरात जास्त वाटते, ती उगाच नसते. निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. मनगटावर पेनाने तुमचा नंबर लिहा. ठिकाणावर पोचल्या पोचल्या सगळ्यांना दिसेल अशी एक खूण ठरवा. मोठ्या मुलाने चुकामूक झाली तर तिथे यायचं. लहान मुलाने मात्र शोधत फिरायचं नाही, जिथे आहे तिथेच थांबायचं आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला किंवा मुलं बरोबर असलेल्या बाईला सांगायचं. हे घरी खेळासारखं दोनदा वदवून घ्या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर जागा निवडताना तीनच गोष्टी पाहा: पायऱ्या किती, बाक कुठे आणि स्वच्छतागृह चालू आहे का. किशोरवयीन मुलांना ओढून नेऊ नका. त्यांच्या हाती महिन्यातल्या एका दिवसाची रक्कम आणि नकाशा द्या आणि बेत त्यांनाच ठरवू द्या. ते नेतील तिथे, कुरकुर न करता जा.

घरी परतल्यावर वहीत चार ओळी लिहा: किती वेळ लागला, एकूण खर्च किती, सावली आणि पाणी कुठे होतं, कुणाला काय आवडलं. पाच-सहा नोंदी झाल्या की तुमच्या कुटुंबाच्या जागा आपोआप पुढे येतात. त्यातल्या एखाद्या जागी पुढच्या वेळी जाताना शेजारच्या कुटुंबालाही विचारा. बोलावताना निघायची आणि परतायची, दोन्ही वेळा सांगा, म्हणजे त्यांना ‘हो’ म्हणणं सोपं जातं.